माकुलावर संशोधन करायचंय, पण आधी सहा महिने मोजपट्टी

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. समुद्राचं तापमान बदललं की माकुलं (स्क्विड) लहानपणीच अंडी घालतात, असं तिने वाचलं. आता तिला याच विषयात जायचंय. यात करिअर होतं का? – एक आई, मालवण

ताई, होतं. पण या कामाचं स्वरूप तिला आत्ताच कळलेलं बरं.

तिने वाचलं ते बहुधा कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या हम्बोल्ट स्क्विडबद्दल असावं. २००९-१० च्या एल निनोनंतर, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं त्या काळानंतर, मेक्सिकोच्या सांता रोसालियाजवळचं खाद्य घटलं. एरवी वर्ष-दीड वर्षाने वयात येणारी ही जात तिथे सहा महिन्यांतच, वीत-दीड वीत लांबीची असताना प्रजननाला तयार झालेली आढळली. मादी लहान म्हणून अंडीही कमी, पण पिढी टिकली.

आता खरी मेख. माकुल लहान दिसलं म्हणजे ते कोवळंच असतं असं नाही. वाढ खुंटलेलंही असू शकतं. वय कळतं डोक्यातल्या स्टॅटोलिथवरून. तिळाहून लहान असा हा खडा, त्यावर रोज एक वलय चढतं. तो घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची. जास्त घासला की वलयं जातात आणि वय कमी भरतं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर आम्लाने विरघळतो, म्हणून अल्कोहोलच वापरायचं. असे शेकडो खडे चिकाटीने मोजणं, हेच ते संशोधन.

तिला हे रुचतं का, ते घरीच पाहा. दर महिन्याला बाजारातून ताजी, न साफ केलेली दहा माकुलं आणा. बर्फात गोठलेली नकोत, मापं बदलतात. पाठीकडून आवरणाची (डोकं-हात सोडून नळीसारख्या धडाची) लांबी मिलिमीटरमध्ये आणि वजन नोंदवायचं, मग पोटाकडून चीर द्यायची. मादीत दोन लांबट पांढऱ्या ग्रंथी दिसतात. पक्व मादीत त्यांच्या पुढची छोटी ग्रंथी लालसर ठिपक्यांची होते. तारीख आणि माल कुठल्या जाळ्यातला, हेही लिहायचं. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात लहान माकुलं जास्त येतात आणि निष्कर्ष फसतो.

सहा महिन्यांनीही वही चालू असेल, तर रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातला चार वर्षांचा बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) हा सर्वांत सरळ रस्ता. पुढे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. करता येईल. जीवशास्त्र हवंच, पण गणितही सोडू देऊ नका. आकडेवारीत कच्ची मुलं पीएचडीत अडकतात, आणि ती उणीव तेव्हा भरून काढणं फार जड जातं.