चेसिस नंबरची पट्टी हरवली, गाडी नावावर कशी करायची?

प्रश्न : वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी वीस वर्षे शेडमध्ये उभी आहे. बोनेटखालची कंपनीची पट्टी गायब आहे, फक्त रिवेटची भोकं दिसतात. आरसी बुक वडिलांच्या नावे आहे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. गॅरेजवाला म्हणतो, तशीच पट्टी बनवून लावू, पासिंग होऊन जाईल. लावावी का? (वाचक, बार्शी)

उत्तर : नको, अजिबात नको. आरसीवरचे नंबर जुळतात की नाही हे त्या पट्टीवर ठरत नाही. ते ठरतं पत्र्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरवर आणि इंजिनच्या ब्लॉकवरच्या नंबरवर. पट्टी हलकी असते, रिवेटवर बसवलेली असते. रंगकामाच्या वेळी पेंटर ती काढून ठेवतो आणि ती तिथंच राहते. बहुतेक जुन्या गाड्यांची पट्टी अशीच गेलेली असते, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण ताजी खोदलेली, नव्या रिवेटची पट्टी तपासणाऱ्याला दिसली की तो आधी हेच विचारणार की ही कुठून आली. मग सरळ प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

आधी पत्र्यावरचा नंबर शोधा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी फ्रेम नाही, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे नंबर इंजिनखान्यातल्या पत्र्यावर, रंगाच्या दोन-तीन थरांखाली आणि कधी लांबीखालीही (खड्डे भरायच्या पुट्टीखाली) दबलेला असतो. तिथे ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू नका. ठोकलेल्या आकड्याची खोली मिलिमीटरच्या अंशात असते, ती एका फटक्यात जाते, आणि घासल्याच्या रेघा खाडाखोडीसारख्या दिसतात. रंग उतरवायचं रसायन लावून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर काढा, रॉकेलने पुसा, बॅटरीचा उजेड आडवा पाडून वाचा. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने ठसा घ्या, आरसीशी एकेक अक्षर पडताळा. ३ आणि ८, १ आणि ७ यांत हमखास गल्लत होते. झालं की त्या जागी पारदर्शक लॅकर मारा. आणि डेंटरला बजावून ठेवा, की नंबरचा पत्रा कितीही कुजलेला दिसला तरी कापायचा नाही.

नंबर जुळला की सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या आरटीओत पहिली चौकशी एवढीच करा : गाडीची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत आहे का? एमएच-१३ मालिकेआधीच्या तीन अक्षरी क्रमांकाच्या गाड्यांची नोंद अनेकदा जुन्या रजिस्टरातच राहिलेली असते. ती बॅकलॉग म्हणून संगणकावर चढल्याशिवाय पुढचा एकही ऑनलाइन अर्ज भरता येत नाही. लोक अडतात ते इथेच, आणि दोष पट्टीला देतात.

त्यानंतर दोन कामं. वारसा हक्काने नाव लावण्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. याची मुदत मृत्यूनंतर तीन महिने, ती टळल्याने दंड गृहीत धरा. दुसरं, नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. पंधरा वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला ही फी १०,००० रुपये आहे. शिवाय उशिराचा आकार, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी. तपासणीला गाडी टो करूनच न्या. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं हाच गुन्हा आहे. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च या सगळ्यानंतर करा. आधी रंग, मग कागद असं करणाऱ्यांचे पैसे शेडमध्येच पडून राहतात.

प्रश्न : कलबुर्गीच्या भंगारवाल्याकडून केए-३२ ची जुनी अ‍ॅम्बेसेडर स्टॅम्पपेपरवर घेतोय. आरसी नाही, पट्टीही नाही. डुप्लिकेट आरसी काढता येईल ना? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : तुम्हाला काढता येणार नाही. फॉर्म २६ वर अर्ज करायचा तो नोंदणीकृत मालकाने, आरसी हरवल्याच्या पोलिस दाखल्यासह. भंगारवाला मालक नाही. मालक सापडला आणि त्याने फॉर्म २९ व ३० वर सह्या केल्या, तर कर्नाटकातल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी घेऊन गाडी सोलापूरला आणता येईल. इथला कर वेगळा भरावा लागेल.

पैसे देण्याआधी बोनेट उघडून पाहा. नंबरच्या जागी पत्र्याचा चौकोनी तुकडा कापलेला असेल तर गाडी बहुधा भंगारात काढून नोंदणी रद्द झालेली आहे. त्यासाठी तो तुकडा कापून जमा करतात. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर येत नाही. सुट्या भागांच्या भावाने हवी तर घ्या. तुकडा शाबूत असेल तर चोरीच्या नोंदीसाठी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेत चेसिस आणि इंजिन हे दोन्ही नंबर तपासा. एकाच नंबरवर समाधान मानू नका, कारण अ‍ॅम्बेसेडरची इंजिनं सर्रास बदललेली असतात.

प्रश्न : जीपच्या फ्रेमवरचे शेवटचे दोन आकडे गंजात गेलेत. आरसी माझ्याच नावे आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडून ठोकून घेऊ? (वाचक, मंगळवेढा)

उत्तर : स्वतःहून ठोकलात तर खऱ्या मालकाचीही गाडी संशयित ठरते. आरटीओकडे री-पंचिंगच्या, म्हणजे नंबर पुन्हा ठोकण्याच्या परवानगीचा अर्ज करा. सोबत आरसी, जुने विमा कागद, आणि जुना पेन्सिलचा ठसा कुठे जोडलेला असेल तर तो. ते पाहणी करतील आणि लेखी परवानगी मिळाल्यावरच ते सांगतील तिथे पंच होईल. तोवर ती जागा घासू नका. नंबर ठोकताना आकड्याखालचं पोलादही दबतं, त्यामुळे वरचा आकार गेला तरी न्यायवैद्यक तज्ज्ञ रसायन लावून तो कित्येकदा परत दाखवू शकतात. घासून खालचा दबलेला थरही गेला की काही उरत नाही.

प्रश्न : माझी १९६८ ची फियाट. व्हिंटेज नोंदणी घ्यावी का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला ती मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच चालवता येते. रोज नवी पेठेत भाजी आणायला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच करा. नंबर जुळण्याची अट दोन्हीकडे तीच आहे.

प्रश्न : एचएसआरपी बसवली की हरवलेल्या पट्टीचं काम होतं का? (वाचक, मोहोळ)

उत्तर : नाही. एचएसआरपी म्हणजे नोंदणी क्रमांकाची उच्च सुरक्षा पाटी (नंबर प्लेट), चेसिस नंबरची नव्हे. उलट ती बुक करतानाच चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे विचारतात, आणि ते वाहन प्रणालीतल्या नोंदीशी जुळले नाहीत तर बुकिंग होत नाही.