प्लगिनमध्येच मराठी नावांची प्रश्नचिन्हं का होतात?

देवस्थानाच्या वर्डप्रेस साइटवर बाकी सगळं मराठी नीट दिसतं, पण उत्सवातल्या नाटकांचं वेळापत्रक दाखवणाऱ्या प्लगिनात (साइटला जोडलेल्या जादा प्रोग्रामात) नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, असं तुम्ही विचारलंय. मी म्हापशात अशाच चार-पाच साइट सांभाळतो. हा घोळ मी स्वतःच्या हातानेही घातलाय.

आधी बिघाड कसला ते ओळखा. चौकोनी डबे दिसले तर नशीब समजा. फाँट नाही एवढंच. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी लावा. टोप्या-टिंबं घातलेली रोमन अक्षरं दिसली तर मजकूर जिवंत आहे, फक्त चुकीचा वाचला जातोय. पण पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (साइटचा डेटाबेस पाहायचं साधन) प्लगिनचं टेबल, म्हणजे नावं साठवलेला तक्ता, उघडल्यावर तिथेही प्रश्नचिन्हंच असतील, तर मूळ अक्षरं गेली. कुठलंही सेटिंग ती परत आणणार नाही.

बहुतेकदा दोष टेबलाचा. वर्डप्रेसने २०१५ साली ४.२ आवृत्तीत आपली टेबलं यूटीएफ८एमबी४ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या कॅरेक्टर सेटवर (अक्षरं साठवायच्या पद्धतीवर) नेली. जुनी प्लगिनं मात्र स्वतःचं वेगळं टेबल बनवतात आणि ते लॅटिन१ या जुन्या, रोमन लिपीपुरत्या कॅरेक्टर सेटमध्ये राहून जातं, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीपर्यंत डीफॉल्ट तोच होता. लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. प्लगिन नुसतं अपडेट करूनही भागत नाही, कारण आधीच्या टेबलाचा कॅरेक्टर सेट त्याने बदलत नाही.

तेव्हा बॅकअप घ्या, ते टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट करा आणि नावं पुन्हा टाइप करा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

टोपीवाली अक्षरं असतील तर मात्र थेट कन्व्हर्ट करू नका. टेबलातल्या रकान्याचा प्रकार आधी ब्लॉब (कॅरेक्टर सेट नसलेला नुसता कच्चा डेटा) करायचा, मग यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट. मी एकदा घाईत थेट केलं आणि कचऱ्याचंच यूटीएफ८ झालं. बॅकअप नव्हता, ते उलटं कसं फिरवायचं हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. मग देवळातून जुन्या निमंत्रणपत्रिका आणून दोन रात्री नाटकांची नावं टाइप करत बसलो.

हे झाल्यावरही एक खोडी उरते. काही प्लगिनं मजकूर ‘स्वच्छ’ करताना न दिसणारी अक्षरं काढून टाकतात, त्यात झीरो विड्थ जॉइनर हा अक्षरांची जोडणी ठरवणारा अदृश्य वर्णही जातो. आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र पुष्कळदा त्याच्याच आधाराने उभा असतो. माझ्या एका साइटवर सत्तरी तालुक्यातल्या दऱ्यांचा असाच दर्या झाला होता! त्यावर उपाय म्हणजे ‘र’ऐवजी नुक्तावाला ‘ऱ’ टाइप करून हलंत आणि य जोडायचा, जॉइनर लागतच नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये तो शिफ्ट दाबून जे वर मिळतो.