मौना केआची संध्याकाळ, सोबत लहान मूल आणि वडीलधारे असतील तर

नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लातूरहून हवाईला जाण्याचा आपला बेत, सोबत 9 वर्षांची मुलगी आणि दम्याचा त्रास असलेले 69 वर्षांचे सासरे, आणि मौना केआ या ज्वालामुखीच्या माथ्यावर सूर्यास्त व तारे दाखवणाऱ्या सहलीची चौघांची नोंदणी आजच करून टाकावी का, हा आपला प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचा आमचा फेब्रुवारी जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहिला. आमच्यासोबत 11 वर्षांचा मुलगा होता आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तेही होते. व्हिसा, विमान, हॉटेल यांची माहिती आपण मिळवलेलीच असणार, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही. माझे उत्तर असे आहे की ही नोंदणी चौघांची मुळीच करू नका, आणि आज तर करूच नका.

आमची नोंदणी येथील, म्हणजे मराठवाड्यातीलच, एका प्रवास कार्यालयाने करून दिली होती. त्यांच्या अर्जात पासपोर्टचा क्रमांक विचारला होता आणि जेवण शाकाहारी हवे का हेही विचारले होते. परंतु कोणाचे वय काय, कोणाला कोणता आजार आहे, याचा एकही रकाना त्यात नव्हता. माणशी 200 डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ भरून आम्ही निर्धास्त झालो. प्रत्यक्षात मौना केआच्या माथ्यावर 13 वर्षांखालील मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि हृदयाचे किंवा श्वसनाचे विकार असणाऱ्यांनी जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना तेथे दिलेली असते आणि सहली नेणाऱ्या कंपन्या वयाची अट पाळतात. मौना केआच्याच बेटावरील कोना या गावी दुपारी गाडी आली, वाटाड्याने मुलाचे वय विचारले आणि अतिशय सौम्य शब्दांत, पण ठामपणे, त्याला नेता येणार नाही असे सांगितले. येथील कार्यालयाला फोन लावावा तर भारतात तेव्हा पहाट होती, कारण हवाईचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे असते. पुढे परत आल्यावर पाच महिने मी त्या कार्यालयात खेटे घातले. ‘नियम तिकडच्या कंपनीचा आहे’ असे येथील कार्यालय म्हणायचे, आणि तिकडची कंपनी ‘ज्यांनी नोंदणी केली त्यांच्याकडे मागा’ असे लिहायची. शेवटी एका इंग्रजी जोडपत्राच्या चौथ्या पानावरील ओळ मला दाखवण्यात आली. पैसे आले नाहीत. ते गेले याचे दुःख आता उरलेले नाही. पण ज्यांनी पैसे घेतले त्यांनी एक वाक्य विचारले असते, तर पुढची गोष्ट घडली नसती, हे मनातून जात नाही.

पुढची गोष्ट मात्र माझ्या हातून घडली. ती कोणा कार्यालयावर ढकलता येणार नाही. मुलाला घेऊन मी थांबेन, निदान दोघांचे पैसे तरी वाया जाऊ नयेत, म्हणून माझे पती आणि आबा यांनी जावे, असे तिथल्या तिथे ठरले. वाटाड्याने आरोग्याचा अर्ज पुढे केला. त्यात हृदयविकाराविषयी सरळ प्रश्न होता. आबांची अँजिओप्लास्टी होऊन 9 वर्षे झाली होती, रोज चार किलोमीटर चालणे होते, रक्तदाब गोळीने ताब्यात होता. मी त्यांना म्हणाले, ‘आबा, तेवढे लिहू नका, नाहीतर तुम्हालाही उतरवतील.’ आयुष्यभर सातबारापासून पीककर्जापर्यंत कोणत्याही कागदावर खोटे न लिहिलेल्या माणसाने, मुलीने सांगितले म्हणून, तेथे ‘नाही’ असे लिहिले.

मौना केआची उंची 4,207 मीटर आहे. आपल्याकडे कळसूबाई हे राज्यातील सर्वांत उंच शिखर 1,646 मीटर. मौना केआवरचे अभ्यागत केंद्रच 2,800 मीटरवर आहे, म्हणजे माथा अजून पुष्कळ वर असतानाच आपण कळसूबाईच्या कितीतरी वर पोहोचलेलो असतो. समुद्रकिनाऱ्यावरून निघालेले वाहन काही तासांत माथ्यावर पोहोचते आणि तेथे हवेचा दाब किनाऱ्याच्या मानाने सुमारे 60 टक्केच उरतो. एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. शरीराला सवय व्हावी म्हणून अभ्यागत केंद्रावर निदान अर्धा तास थांबायला सांगतात. आमची मंडळी तेथे थांबली, जेवली, आबांना काहीही त्रास झाला नाही. माथ्यावर मात्र गाडीतून उतरून पंधरा-वीस पावले चालताच त्यांना चक्कर आली, छाती जड झाली, ओठांचा रंग बदलला. वाटाड्याने प्राणवायू लावला आणि हृदयाचा काही आजार आहे का, असे विचारले. तेव्हा माझ्या पतींनी खरे सांगितले. त्याने एक शब्दही न बोलता सगळ्यांना गाडीत बसवले आणि सूर्यास्ताला वीस मिनिटे उरलेली असताना गाडी खाली आणली. गाडीत आणखी अकरा प्रवासी होते. त्यांतील एक वयस्कर जपानी जोडपे कित्येक वर्षांपासून या संध्याकाळची वाट पाहत होते, असे पतींनी मला नंतर सांगितले. कोणीही तक्रार केली नाही. अभ्यागत केंद्रावर आल्यावर अर्ध्या तासात आबांचा श्वास सुधारला आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत हृदयाला इजा झाली नसल्याचे कळले. मी डॉक्टर नाही. आपल्या सासऱ्यांनी कोठवर जावे हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे, आणि त्यांना विचारताना ‘डोंगरावर जायचे आहे’ एवढेच न सांगता मीटरमधील उंची सांगून विचारावे. परंतु दमा असताना 4,200 मीटरवर जाण्याचा विचार माझ्या मते सोडूनच द्यावा, आणि अर्जावर जे खरे आहे तेच लिहावे.

आता जे मला आधी ठाऊक असते तर आम्ही माथ्याचा हट्टच धरला नसता, ते सांगते. सूर्यास्त आणि तारे या तेथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने माथा सर्वसामान्यांसाठी बंद होतो, कारण रात्री तेथे वेधशाळांचे काम चालते. या अक्षांशावर आकाश पूर्ण काळोखे व्हायला सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तास लागतो. म्हणजे खरी रात्र होण्याआधीच सगळे खाली उतरलेले असतात, आणि सहलीतील तारे अभ्यागत केंद्राच्या आसपासच्या उंचीवरूनच दाखवले जातात. शिवाय प्राणवायू कमी पडला की माणसाची अंधारातील दृष्टी मंदावते, त्यामुळे साध्या डोळ्यांना खालच्या टप्प्यावरून तारे उलट अधिक चांगले दिसतात. केक नावाच्या वेधशाळेच्या 10 मीटर आरशांच्या जोड दुर्बिणी आणि सुबारू ही जपानची 8.2 मीटरची दुर्बीण माथ्यावर आहे खरी, पण त्यांतून पाहुण्यांना आकाश पाहता येत नाही. तशी अपेक्षा घेऊन जाणारे मला भेटलेले आहेत. सूर्यास्त मात्र माथ्यावरून अपूर्व दिसतो, हे मी नाकारत नाही. ढग पायांखाली असतात आणि डोंगराची त्रिकोणी सावली पूर्वेकडे लांबवर पसरते. ज्यांची प्रकृती उत्तम आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. आपण व आपले यजमान यांपैकी एकाने जावे आणि दुसऱ्याने मुलीसोबत थांबावे, हाही एक मार्ग आहे.

अभ्यागत केंद्रापर्यंतचा रस्ता डांबरी आहे आणि साध्या भाड्याच्या मोटारीने तेथे जाता येते. त्यापुढचा काही मैलांचा रस्ता कच्चा व तीव्र चढाचा आहे. चारही चाकांना शक्ती देणारे वाहन असल्याशिवाय तेथे सोडत नाहीत. त्या वाटेला स्वतःची गाडी नेऊ नये, असे माझे मत आहे. निघण्यापूर्वी हिलो किंवा कोना येथे टाकी पूर्ण भरावी, कारण डोंगरावर पेट्रोल मिळत नाही. हिलोला पाऊस पडत असेल तर निराश होऊन परत फिरू नये. ढगांचा थर बहुधा डोंगराच्या कमरेशी अडतो आणि त्यावर आकाश निरभ्र असते. हिवाळ्यात कधी कधी माथ्यावर बर्फ पडतो व तेव्हा वरचा रस्ता बंद होतो. थांबण्याच्या वेळा आणि नियम बदलत असतात, म्हणून जाण्याच्या दिवशी केंद्राचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे. आपल्याकडचे स्वेटर तेथे पुरत नाहीत. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाड जाकीट प्रत्येकासाठी हवे.

तिथीकडे मात्र बहुतेकांचे लक्ष नसते आणि सहल विकणारेही ते सांगत नाहीत. पौर्णिमेच्या आसपास तेथे जाऊन तारे पाहणे म्हणजे पैसे देऊन चांदणे पाहणे होय. संकष्टीचा चंद्रोदय आपण पाहतोच. त्यानंतर तीन-चार दिवसांपासून पुढे अमावास्येपर्यंत आणि शुक्ल पक्षातील तृतीयेपर्यंत संध्याकाळ काळोखी मिळते. दिनदर्शिकेत दिलेली चंद्रोदयाची वेळ तेथे त्याच तारखेला सुमारे अर्ध्या तासाने पुढे जाते, कारण तेथील संध्याकाळ आपल्या संध्याकाळनंतर साडेपंधरा तासांनी होते आणि चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो. आणखी एक गोष्ट: जाहिरातींतील आकाशगंगेचा तो दाट, उजळ पट्टा धनु आणि वृश्चिक राशींकडील आहे आणि तो उन्हाळ्याच्या रात्रींत दिसतो. डिसेंबरच्या संध्याकाळी तो दिसणार नाही. त्याऐवजी कृत्तिका, रोहिणी, पूर्वेकडून वर येणारे मृग आणि उत्तरेला शर्मिष्ठा असे आकाश मिळेल. मुलीला आधीच घराच्या गच्चीवरून ही नक्षत्रे ओळखायला शिकवा. लाल जिलेटिन कागद गुंडाळलेली बॅटरी न्या, आणि डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तेवढ्या वेळात मोबाइल काढू नका.

आम्ही तिसऱ्या दिवशी, डॉक्टरांना फोनवर विचारून, चौघेही अभ्यागत केंद्रावर गेलो. ओनिझुका या अंतराळवीराचे नाव त्या केंद्राला दिलेले आहे. तो याच बेटावर जन्मला होता आणि 1986 मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघातात गेला, हे माझ्या मुलाने तेथील फलकावर वाचून आबांना सांगितले. आबा मोटारीचे दार उघडून, शाल पांघरून बसूनच राहिले. काळोख पुरा झाला तेव्हा पश्चिमेला क्षितिजापासून तिरका वर चढत गेलेला एक फिकट प्रकाश दिसत होता, जो मी शहरात कधी पाहिलेला नाही. आबांनी प्रथम उत्तरेकडे पाहिले. ध्रुव किती वर आहे ते त्यांनी वितीने मोजले आणि म्हणाले, ‘हा तर आपल्या रानातल्याएवढाच वर आहे.’ ते बरोबरच होते. मौना केआचा अक्षांश सुमारे 19.8 अंश आहे आणि छत्रपती संभाजीनगरचा सुमारे 19.9. परभणीकडे आमच्या शेतात रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देताना जे मृग, जो व्याध आणि दक्षिणेला जो अगस्त्य त्यांनी पन्नास वर्षे पाहिला, तेच सारे त्याच उंचीवर तेथे होते. फरक होता तो हवेचा. पायांखालचा काळा खडकही त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि विहिरीला लागतो तोच हा दगड, असे म्हणाले. तेही खरेच आहे, कारण मराठवाड्याची जमीनही सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचीच आहे आणि वेरूळ त्याच बेसॉल्टमध्ये कोरलेले आहे. त्यांनी तो दगड जिथून उचलला तिथेच ठेवला. हा डोंगर तेथील मूळ हवाईयन लोकांना पवित्र आहे, आपल्या मुलीलाही तेथून काही उचलू देऊ नका.

नोंदणी करायचीच झाली तर ती एकाचीच किंवा दोघांचीच करा, थेट तेथील कंपनीकडे करा, आणि वयाची अट, आजारांची यादी व रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, ही तीन उत्तरे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागवा. आपल्याकडचे कोणी मध्यस्थ ‘ते आम्ही पाहून घेऊ’ म्हणाले तर तेथून उठा. सासऱ्यांसाठी नेहमीचे औषध आणि पंप मोटारीच्या डिकीतील सामानात न ठेवता हाताशी ठेवा, आणि अभ्यागत केंद्रावरही त्यांना धाप लागली तर तारे तसेच सोडून खाली उतरा. आपल्या प्रवासाच्या नेमक्या तारखा कळवल्यात तर त्या आठवड्यातील कोणती संध्याकाळ चंद्राविना मिळेल, ते मी पंचांग पाहून कळवते.