चार वेळा झाडलेल्या पुंगळ्या

प्रश्न : ३०८ विंचेस्टरच्या बोल्ट रायफलसाठी मी स्वतः काडतुसं भरतो. चारदा झाडलेल्या ५० पुंगळ्यांपैकी (काडतुसाची पितळी नळी) दोघींची मान तडकली. बाकीच्यांत काहींवर बोल्ट (रायफल मागून बंद करणारा अडसर) सहज बंद होतो, काहींवर जोर लावावा लागतो. डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) पत्रकात सांगितल्याप्रमाणे बसवली आहे, पुंगळ्या पॉलिशने घासून लख्ख ठेवतो. चुकतंय कुठे?

उत्तर : पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. झाडलं की ते फुगतं, डायमध्ये दाबलं जातं आणि दर खेपेला थोडं कडक होतं. कडक पितळ तडकतं, आणि दाबलं तरी मागे उसळतं. ५० पुंगळ्या सारख्याच कडक झालेल्या नसतात, त्यामुळे डाय तीच असूनही प्रत्येकीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, वेगळ्या जागी थांबतो. तुमचा बोल्ट तेच सांगतोय.

उपाय अ‍ॅनिलिंगचा, म्हणजे तापवून मऊ करण्याचा. ठोकून ताठरलेलं भांडं तांबट पुन्हा भट्टीत धरतो, तेच इथे करायचं. पण प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढलेल्या रिकाम्या पुंगळीला, आणि फक्त मान व खांद्याला, काही सेकंदच. बुडाला धग लागता कामा नये. झाडताना सगळा दाब ते बूड पेलतं, आणि ते मऊ झालं तर गॅस मागे, तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. शंका आली तर ती पुंगळी फेकून द्या.

आता डाय. ‘शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकवा आणि आणखी पाव फेरा द्या’ ही पत्रकातली सूचना कुठल्याही चेंबरला, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीला, चालावी म्हणून असते. मीही एकेकाळी तीच पाळली. पाचव्या खेपेला पुंगळ्यांच्या बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं दिसलं. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली, तर तिथे ती अडखळली. आतली भिंत पातळ होऊन खाच पडली होती. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला गेल्याने पुंगळी दर वेळी ताणली जात होती. १०० पुंगळ्यांची ती अख्खी खेप मी टाकून दिली.

तेव्हापासून मी आधी कम्परेटर (खांद्याची जागा मोजायचं साधन) लावून, झाडलेल्या पुंगळीचा खांदा कुठे आहे ते मोजते आणि डाय अशी बसवते की तो एक ते दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश, एवढाच मागे जाईल. बोल्टमधून फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून डायमधून निघालेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घातली, की बोल्टचा दांडा जवळपास आपल्या वजनानेच खाली यायला हवा.

पुंगळीची लांबी रीसाइझ झाल्यावर, म्हणजे डायमधून काढल्यावर, बघा. ३०८ ची कमाल २.०१५ इंच, ट्रिम (तोंड कापून आखूड करणं) २.००५ ला. मान लांब राहिली तर चेंबरच्या टोकाशी ती गोळीला चिमटा काढते आणि दाब वाढतो. ट्रिमनंतर तोंडाची कड आतून-बाहेरून हलकेच मोडा.

पॉलिशच्या डब्यावर अमोनिया लिहिलंय का, ते आजच वाचा. ताणातल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तडकत, त्याचं कारण तबेल्यांतला अमोनियाच निघालं होतं.

तडकलेल्या दोन्ही पुंगळ्या पकडीने चेपूनच भंगारात टाका, म्हणजे चुकून डब्यात परतणार नाहीत. उरलेल्या ४८ मध्ये तार फिरवल्याशिवाय एकही भरू नका.