जुना छोटा डोझर: झाडांसाठी नको, वाटेसाठी घ्या

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या बाजूला बारा एकर, निम्म्यात काजू, उरलेल्यात अकेशिया, निलगिरी आणि खाली घाणेरी-रानमोडीचं रान. आतपर्यंत ट्रॉली जाईल अशी वाट करायची आहे, वणव्यासाठी मोकळा पट्टा काढायचा आहे, पडलेली झाडं बाहेर ओढायची आहेत. त्यासाठी एक जुना चेनचा डोझर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा बुलडोझर, बघून आलात, आणि मालक म्हणतोय, "इंजिनचं काम नुकतंच झालंय, डोळे झाकून न्या."

इंजिनचं काम झालंय हे ठीक. चेनबद्दल तो काय बोलला ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, तो काही बोललाच नसणार.

चेनच्या यंत्रावर आयुष्यभरात जो दुरुस्तीचा खर्च होतो, त्यातला निम्म्याच्या आसपास चेन, रोलर (चेन ज्यांवरून सरकते ती छोटी चाकं), आयडलर (चेन ताणून धरणारं पुढचं चाक) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) यांच्यातच जातो. इंजिन कुठलाही चांगला डिझेल मिस्त्री उघडून बसवतो. खालचा भाग संपला असेल तर मात्र नवा संच घालायचा खर्च कधीकधी जुन्या यंत्राच्या किमतीएवढा होतो. म्हणून जाताना कपडे मळले तरी चालतील असे घालून जा आणि आधी खाली बसा. स्प्रॉकेटचे दात बघा. टोकाला रुंद, बोथट असले तर बरं, अणकुचीदार होऊन एका बाजूला कलले असतील तर पिन-बूश, म्हणजे चेनच्या सांध्यातली खीळ आणि तिच्यावरची नळी, संपलेत. चेन ताणून बघा, दोन कड्यांच्या सांध्यात फट दिसते का. बूशवर बाहेरून हात फिरवला की एका बाजूची झीज बोटाला कळते. ती एकाच बाजूला असेल तर प्रेसवर पिन-बूश फिरवून अजून थोडं आयुष्य काढता येतं, आधीच फिरवलेले असतील तर तो मार्ग संपला. वरच्या रोलर आणि आयडलरच्या मधे चेनला किंचित झोळ हवा, छोट्या यंत्राला साधारण 2 ते 4 सेंमी. गिऱ्हाईक येणार म्हणून ग्रीस भरून चेन तारेसारखी ताणून ठेवलेली मी पाहिली आहे. वरवर झकास दिसते. मग ॲडजस्टरचा, म्हणजे चेन ताणायच्या यंत्रणेचा, दांडा किती बाहेर आलाय तो बघायचा. पार शेवटापर्यंत आला असेल तर ताणायला जागाच उरलेली नाही.

प्लेटांवरचे उभे दात, म्हणजे ग्राउझर, गुळगुळीत झालेत का तेही बघा. लाल मातीच्या चढावर पहिल्या सरीनंतर त्यांच्याशिवाय यंत्र नुसतं घसरतं. ब्लेडची खालची पाती झिजलेली असली तर काळजी नको. ती उलटी करून लावता येते, आणि नवीनही मिळते.

दुसरी जागा स्टिअरिंग क्लचची. जुन्या डोझरला वळवायचं चाक नसतं, दोन लिव्हर असतात. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद सुटते, ब्रेक दाबला की ती बाजू थांबते आणि यंत्र वळतं. यंत्र बरेच पावसाळे उघड्यावर उभं राहिलं की हे क्लच आत गंजून चिकटतात. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, पुढं-मागं छान जातं, पण एका बाजूला वळतच नाही. आपल्याकडं हा धोका जास्त, कारण बरीच जुनी यंत्रं गोव्यातून वर येतात. तिथं 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढं थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजच रद्द केली. किती यंत्रं त्या पावसात नुसती उभी होती विचारू नका. तिथली बहुतेक तुमच्या कामाला मोठी, पण मधेच एखादं छोटं निघतं आणि स्वस्त वाटतं. परीक्षा सोपी आहे. पक्क्या बांधाला ब्लेड टेकवून पहिल्या गिअरमध्ये रेटायला सांगा. दोन्ही चेनी सारख्या फिरल्या किंवा इंजिन दबलं तर ठीक. एक फिरते आणि एक थांबते असं झालं तर थांबणाऱ्या बाजूचा क्लच सरकतोय. मग दोन्हीकडं पूर्ण गोल वळवून बघा, दोनदोनदा.

बाकी भराभर सांगतो. सकाळी लवकर जा आणि इंजिनला हात लावा. गरम असेल तर आधीच चालवून ठेवलंय, दुपारपर्यंत थांबा की. तेलाची झाकणी काढून धुराचा फुत्कार बघा, तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. ब्लेड वर उचलून इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या, खाली आलेलं दिसलं तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. त्या वेळात ब्लेडखाली कुणी जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरपेटीच्या, खाली तेल ओघळलेलं दिसलं तर तिच्या तेल काढायच्या नटातून थोडं तेल काढून बोटावर चोळा. लोखंडाचा चुरा लागला तर मी पुढं बोलणी करत नाही.

कोणतं यंत्र? आपल्याकडं छोटा म्हणून जो फिरतो तो बहुधा बीईएमएल कंपनीचा डी-50. त्याचे सुटे भाग मिळतात, मिस्त्रीही ओळखतात, पण वजन बारा टनांच्या आसपास. बारा एकरांच्या काजूत तो बैलगाडीच्या वाटेवर आणलेल्या हत्तीसारखा. चार ते सात टनांची कोमात्सुची डी-20, डी-31 किंवा कॅटरपिलरची डी-3 ही तुमच्या मापाची, मात्र ती क्वचित सापडतात आणि एखाद्या सीलसाठीही वाट बघावी लागते. रोलर भरून घेणं, स्प्रॉकेटवर वेल्डिंग चढवणं, पिन खरादून घेणं यासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हात बसलेले लोक आहेत, ही आपली जमेची बाजू.

आता मुद्द्याची गोष्ट. डोझर झाडं काढायचं यंत्र आहे असं बहुतेकांना वाटतं. आपल्या भागात ते वाटेचं यंत्र आहे. जांब्यावर मातीचा थर पातळ असतो. ब्लेडनं झाड मुळासकट उपटलं की खड्डा उरतो, त्यात पाणी साचतं, आणि घाणेरी ढकलताना चांगली माती कडेला ढीग होऊन बसते. वर्षभरात घाणेरी परत येते, माती येत नाही. झाडं करवतीनं कापा, बुंधे तसेच राहू द्या. जे काढायलाच हवेत त्यांच्यासाठी छोटं पोकलेन तासावर आणा, ते नेमकं खणतं. लाकूड ओढायला विंच लावलेला ट्रॅक्टर पुरतो.

वाट काढायला मात्र डोझरला तोड नाही. सहा टनांचं यंत्र घ्या, प्रत्येक चेन जमिनीला 2 मीटर लांब आणि 40 सेंमी रुंद टेकते असं धरा. दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम 0.4 किलो भार येतो. ट्रॅक्टरचं मागचं चाक याहून पुष्कळ जास्त दाबतं. म्हणून जिथं ट्रॅक्टर रुततो तिथं हे जातं. तरीही ओल्या मातीत नेऊ नका, दाब कमी असला तरी वळताना चेन माती खरडून काढते. दिवाळीनंतर, जमिनीत थोडी ओल असताना काम उरका. मार्च-एप्रिलमध्ये जांबा इतका कडक होतो की रिपरशिवाय (यंत्रामागचा जमीन फोडणारा दात) भागत नाही, आणि तेव्हा वणव्याची भीती असते. इंजिनखालच्या पत्र्यात सुका पाला साठतो, त्याच्याशेजारी गरम सायलेन्सर. रोज संध्याकाळी तो पाला काढायचा आणि यंत्र गवतात उभं करायचं नाही.

वाट काढताना ती खालच्या अंगाला किंचित उतरती ठेवा, म्हणजे पाणी वाटेवरून धावणार नाही. चढ जास्त तिथं वीस-पंचवीस मीटरवर तिरपा आडवा उंचवटा ओढा. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, सरळ चढाची वाट एका पावसाळ्यात ओहोळ होते. यासाठी कोन बदलणारं ब्लेड हवं, सरळ ब्लेडनं माती कडेला पडत नाही.

कागदांचं. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा 1976 चा आहे. स्वतःच्या रानातली झाडंही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निलगिरी, सुरू, सुबाभूळ अशा काहींना सूट आहे, पण साग, शिसव, ऐन, नाणा मधे उभे असतील तर ब्लेड लावायच्या आधी खानापूरच्या वनखात्यात जाऊन या. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं, त्याच्या भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यात तुमचा सर्व्हे नंबर येतो का ते विचारा. हद्दीचे दगड मोजणीदाराकडून दाखवून घ्या. वनखात्याच्या जागेत चार फूट शिरलेला डोझर सोडवायला जो त्रास होतो, त्यापेक्षा मोजणीची फी स्वस्त.

यंत्राचे कागद वेगळे. चेनच्या डोझरला बऱ्याचदा नंबरपाटीच नसते, म्हणजे मालकी बिलावरच ठरते. मूळ बिल किंवा सरकारी लिलावातून घेतलं असेल तर लिलाव करणाऱ्या एमएसटीसी कंपनीचा ताबा-कागद बघा, त्यावरचा नंबर चासीवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र मागा. डांबरी रस्त्यावर चालवत आणता येत नाही, लोबेड (जड यंत्रं वाहणारा बुटका ट्रेलर) लागतो. गोव्याकडून आणणार असाल तर चोर्ला आणि अनमोडपैकी कोणता घाट जड गाड्यांना त्या वेळी खुला आहे ते आधी विचारा. लोबेडचं भाडं किमतीत धरूनच बोली लावा.

ऑपरेटर नवखा असेल तर एक गोष्ट त्याला बसायच्या आधी दाखवा. उतारावर खाली येताना ब्रेक न दाबता डावा लिव्हर ओढला तर यंत्र उजवीकडं वळतं, कारण सुटलेली डावी चेन पुढं धावते आणि उजवीला इंजिन अडवून धरतं. सपाटीवर शिकलेला माणूस इथं गडबडतो. आणि डोक्यावर लोखंडी छप्पर नसलेलं यंत्र झाडांत नेऊ नका. ब्लेडचा धक्का बसला की वरची वाळलेली फांदी थेट ऑपरेटरवर येते. छप्पर नसेल तर ते बनवायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

माझं म्हणाल तर, वाट अर्ध्या किलोमीटरची आणि एकदाच करायची असेल तर भाड्याने आणा, काम झालं की परत. शेजारच्या चार-पाच जणांची रानं मिळून दरवर्षी वाटा दुरुस्त करायच्या असतील आणि उभं करायला शेड असेल, तर घेण्यात अर्थ आहे. आताच्या यंत्राचे तीन फोटो टाका: स्प्रॉकेट जवळून, ॲडजस्टरचा दांडा आणि चासीचा नंबर. डिझेल तासाला किती खातं तेही मालकाला विचारा. या मापाला सहा-आठ लिटर ठीक, बाराच्या पुढं सांगितलं तर यंत्र तुम्ही समजताय त्यापेक्षा मोठं आहे.