लेस्टरसारखं कोल्हापुरात होईल का? आधी साइड बॅक कोण ते सांग

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या लेस्टर सिटीनं 2016 मध्ये फुटबॉलची प्रीमियर लीग मारली, तसं आमच्या पेठेतल्या छोट्या तालमीच्या संघाला शाहू स्टेडियमवर करता येईल का? का ते सगळं नशिबाचं होतं?

भावा, 'नशीब' वाचलं आणि राहवलं नाही. 38 सामन्यांत 23 जिंकले, 12 बरोबरीत, हरले फक्त 3. गुण 81, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलचे 71. नशिबानं पेनल्टीचा टायब्रेकर जिंकता येतो, दहा गुणांनी लीग नाही. लेस्टर जिंकेल याला एकाला पाच हजार हा भाव बुकींनी काढला होता. त्यांना तरी त्या हंगामात काय कळलं?

आमच्या कट्ट्यावर हा वाद दहा वर्षं चालू आहे. समोरच्या पार्टीचं म्हणणं एकच, 'वार्डी आणि माहरेझ होते म्हणून झालं. तसले दोन प्लेअर आणा, आपणपण जिंकू.' होतेच की. वार्डीचे 24 गोल, माहरेझचे 17. पण हेच दोघं पहिल्या नऊ सामन्यांतही होते, आणि त्या नऊ सामन्यांत लेस्टरनं 19 गोल केले आणि 17 खाल्ले. एकही सामना गोल न खाता संपला नाही. 26 सप्टेंबर 2015 ला घरच्या मैदानावर आर्सेनलनं 5-2 नं धुतलं.

त्यानंतर कोच रानिएरीनं जे केलं ते कुणी सांगत नाही, कारण त्यात मजा नाही. त्यानं दोन्ही साइड बॅक, म्हणजे मागच्या फळीतले कडेचे दोघं, बदलले. डे लाट आणि श्लुप बाहेर, सिम्पसन आणि फुक्स आत. बाहेर बसलेले दोघं पळायला तेज, सारखे पुढं जाणारे. आत आलेले दोघं आधी आपली जागा बघणारे. फळ लगेच आलं नाही, पुढच्या दोन सामन्यांतही तीन गोल खाल्ले. दहावा सामना क्रिस्टल पॅलेसशी, 1-0. गोल न खाल्लात तर पिझ्झा देतो असं रानिएरीनं पोरांना कबूल केलं होतं, तो तेव्हा दिला. आता बेरीज कर. पूर्ण हंगामात खाल्लेले गोल 36. त्यातले 17 पहिल्या नऊ सामन्यांत, उरलेले 19 पुढच्या 29 सामन्यांत. त्या 29 पैकी 15 सामन्यांत एकही नाही. माझ्या मते लीग तिथं जिंकली, दोन साइड बॅकच्या जागेवर. आणि कोल्हापुरात साइड बॅकला कुणाला उभं करतात? पुढं जमत नाही त्याला.

यामागचं गणित साधं आहे. लेस्टरचे स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीतले मधले दोघं, मॉर्गन आणि हूट. दोघंही दांडगे, हवेतल्या चेंडूला राजे, पण वळायला जड. साइड बॅक पुढं गेला आणि चेंडू हरवला की त्याची मोकळी जागा भरायला स्टॉपरला बाजूला पळावं लागतं. मग मध्ये भगदाड पडतं आणि जड स्टॉपर उघड्यावर येतो. बॅक आत, स्टॉपरला चिकटून राहिले की समोरच्याला मधून वाट नाही. तो कडेला जातो आणि क्रॉस टाकतो. टाकू दे. हूट आणि मॉर्गनला तेच पाहिजे असायचं. त्यांच्या पुढं मधल्या फळीत ड्रिंकवॉटर आणि कान्ते. कान्तेनं त्या हंगामात 175 टॅकल केले आणि 156 वेळा मधेच पास तोडला. तो एकटा दोन माणसांचं काम करायचा हे खरं, पण मागची चौकट जागेवर होती म्हणूनच त्याला तसं सुटता आलं.

'मग संघ नुसता मागं बसायचा का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. 28 नोव्हेंबर 2015 चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल काढून बघ, वार्डीचा सलग अकराव्या सामन्यातला, विक्रमाचा. कॉर्नर युनायटेडचा. लेस्टरच्या कीपरनं, श्मायकेलनं, चेंडू हवेतच घेतला. घेतल्यावर आपल्याकडचे कीपर करतात तसं छातीशी धरून बसला नाही, दोन पावलं टाकली आणि हातानं फुक्सकडं फेकला. युनायटेडची माणसं अजून परत फिरतायत. फुक्स चेंडू घेऊन पुढं पळाला, मान वर, पास लगेच सोडला नाही. वार्डी आधी सरळ पळाला, मग तिरका, बचावफळीच्या मागं जाईल असा. फुक्सनं बरोबर तेव्हा दोघांच्या मधून चेंडू सरकवला आणि वार्डीनं युनायटेडच्या कीपरच्या, डे हेयाच्या, पलीकडच्या कोपऱ्यात मारला. एक थ्रो, एक धाव, एक पास, एक फटका. पास कुणाचा? साइड बॅकचा. बॅकनं पुढं जायचंच नाही असं माझं म्हणणं नाही, कधी जायचं ते त्याला कळलं पाहिजे.

आता तुझ्या संघासाठी. प्रॅक्टिसला पहिली दहा मिनिटं चेंडूच काढू नका. मागच्या चौघांच्या कमरेला दोरी बांधा, दोघांमध्ये आठ मीटर. कोच हातानं दाखवेल तिकडं चौघांनी चालत सरकायचं. दोरी लोंबली तर माणसं जवळ आली, ताणली तर अंतर सुटलं. पोरं हसतील. हसू देत, तिसऱ्या दिवशी थांबतात.

मग पेनल्टी क्षेत्राच्या दोन्ही बाजूच्या रेषा चुन्यानं मधल्या रेषेपर्यंत ओढा. साधारण 40 मीटरचा पट्टा होतो. मागचे चार आणि मधल्या फळीतले दोन हाफ असे सहा जण या पट्ट्यात, समोर आठ जण हल्ल्याला. चेंडू कडेला गेला तर फक्त त्या बाजूच्या बॅकनं पट्ट्याबाहेर जायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडं सरकायचं. मधून गोल झाला तर हल्लेवाल्यांना दोन गुण, क्रॉसवर झाला तर एक. चेंडू हिसकावला की तीन सेकंदांत पहिला पास मधल्या रेषेवर उभ्या आघाडीवाल्याकडं गेलाच पाहिजे, नाही तर हिसकावलेला मोजायचा नाही. बारा-बारा मिनिटांचे तीन डाव बास.

बिघडतं ते नेहमी त्याच तीन ठिकाणी. पहिलं, लांबचा बॅक. चेंडू पलीकडच्या कडेला असला की तो बघत उभा राहतो आणि त्याच्या पाठीमागून विंगर येऊन हेड मारतो. त्याला शिकवा, अंग अर्धं वळलेलं पाहिजे, चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत. दुसरं, दोन्ही हाफ एकदम पुढं जातात. हाफ आणि मागची फळी यांच्यात दहा-बारा पावलं ठीक, वीस झाली की समोरचा तिथं चेंडू घेऊन निवांत वळतो. तिसरं, स्टॉपर घाबरून कीपरच्या मांडीवर जाऊन बसतात. यावर उपाय कीपरच. तो ओरडला नाही तर फळी वर येत नाही. मुका कीपर कितीही उड्या मारो, या पद्धतीत चालत नाही.

शिवाय आपल्या एप्रिलच्या उन्हात पूर्ण वेळ दाबत खेळणं कुणाच्या बापाला जमत नाही. लेस्टरचा ओकाझाकी पुढून समोरच्यांना सतत सतावायचा, आणि बहुतेक सामन्यांत उत्तरार्धात बाहेर यायचा, जागी उलोआ. हा बदल आधीच ठरवलेला असावा. पोरगं लंगडायला लागल्यावर बाकाकडं बघण्यात अर्थ नाही.

आणि अकरा जण तेच ठेवा. लेस्टरनं त्या हंगामात लीगमध्ये सगळ्यात कमी खेळाडू वापरले. मॉर्गन आणि श्मायकेल लीगचं एकही मिनिट चुकले नाहीत. 14 फेब्रुवारीला आर्सेनलकडून शेवटच्या क्षणी हरल्यावर रानिएरीनं पोरांना आठवडाभर सुट्टी दिली. आपल्याकडं हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाला वीस फेऱ्या. सुट्टीनंतर सहा सामन्यांत पाच वेळा 1-0. पाच वेळा! गॅलरीला 1-0 आवडत नाही, तिला ड्रिबलिंग पाहिजे, शिट्ट्या पाहिजेत. कमिटीलाही गॅलरीचंच ऐकू येतं. मग चांगला चाललेला बॅक काढून कुणाच्या तरी भाच्याला विंगला घुसवतात आणि सगळी चौकट मोडते.

प्लेअर आणण्याबद्दल एवढंच, वार्डी फ्लीटवुड टाउनकडून आला, माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या विभागातल्या ल हाव्रकडून. तयार नावाच्या मागं न लागता आपल्या चौकटीत बसेल असा एक गुण शोधला. तुम्हीही पेठेबाहेर बघा, गडहिंग्लजला बघा, फुटबॉल तिथंही मुरलेला आहे. मोठ्या तालमीच्या बाकावर बसून गंजलेला साइड बॅक तर फुकटात मिळेल.

आता कट्ट्यावरच्यांचीही बाजू सांगतो, नाही तर इथं खाली येऊन भांडतील. लेस्टर गरीब नव्हतं, मालक थायलंडचे गडगंज. खालच्या विभागातून प्रीमियर लीगमध्ये चढताना, 2013-14 मध्ये, खर्चाचे नियम मोडल्याच्या प्रकरणात क्लबनं 2018 मध्ये 31 लाख पौंड भरून तडजोड केली. त्या साली मोठे संघही ढेपाळले होते, चेल्सी तर दहावा. युरोपातली स्पर्धा नव्हती, त्यामुळं सगळे मिळून 43 सामनेच झाले. पुढच्या हंगामात कान्ते चेल्सीला गेला, फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरीलाच काढलं आणि संघ बारावा आला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: लीगमध्ये होईल, दोन हंगाम तीच पोरं धरून ठेवली तर. बाद फेरीच्या चषकात मी शब्द देत नाही. एक कॉर्नर, एक लाल कार्ड आणि सगळं घरी. त्यासाठी टायब्रेकरचे पाच जण आणि त्यांचा क्रम आधी ठरवून रोज दमल्यावर, प्रॅक्टिसच्या शेवटी, प्रत्येकी तीन फटके मारून घ्या. ताज्या पायांनी मारलेली पेनल्टी मोजू नका.