घरच्या मॅकरोनी अँड चीजचा सॉस दाणेदार का होतो, वर तेल का तरंगतं?

शिकागोच्या थंडीत घरी मॅकरोनी अँड चीज केलं की सॉस फुटतो, खोक्यातलं, तयार पावडरीचं मात्र गुळगुळीत होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. बहुतेक वेळा एकच चूक असते: चीज उकळत्या सॉसमध्ये पडतं. चेडर चीज जास्त तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि धरून ठेवलेलं पाणी नि स्निग्धांश बाहेर टाकतात. तेच तुमचे दाणे आणि तेच वरचं तेल. खोक्यातल्या पावडरीत हे होऊ न देणारे क्षार असतात. घरी ते काम मैदा आणि मंद आच करतात.

चौघांसाठी अर्धा पौंड (२२५ ग्रॅम) एल्बो मॅकरोनी, ३ टेबलस्पून लोणी, ३ टेबलस्पून मैदा, अडीच कप (६०० मिली) सायीसकटचं दूध आणि एकूण २२५ ग्रॅम चीज, मुख्यतः चेडर, घ्या. चेडर वडीचंच आणा आणि स्वतः किसा. पिशवीतल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यानं सॉस खरखरीत होतो. फार मुरलेलं चेडर चवीला उत्तम, पण लवकर फुटतं. म्हणून दोन भाग शार्प चेडर आणि एक भाग माँटेरे जॅक (सौम्य, सहज वितळणारं चीज) हे प्रमाण मला सर्वात भरवशाचं वाटतं. केशरी की पांढरं, यात अडकू नका. केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा असतो, चवीशी त्याचा संबंध नाही.

मॅकरोनी खारट पाण्यात, खोक्यावरच्या वेळेपेक्षा २ मिनिटं कमी शिजवा. निथळा, पण गार पाण्याखाली धुऊ नका. वरचा स्टार्च गेला की सॉस घसरतो.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवून मैदा मंद आचेवर दोनेक मिनिटं परता. कच्चट वास जायला हवा, रंग बदलायला नको. कोमट दूध थोडं थोडं ओतत व्हिस्कनं फेटा. सगळं एकदम ओतलं की गुठळ्या होतात. एक उकळी आणून ३-४ मिनिटं शिजवा. डावाच्या पाठीवर बोटानं ओढलेली रेघ टिकली की गॅस बंद. मीठ, मिरपूड आणि अर्धा चमचा मोहरीची पूड घाला. मोहरी वेगळी लागत नाही, पण ती नसली तर चीज मिळमिळीत वाटतं.

आता दोन मिनिटं थांबा, मग मूठमूठ चीज घाला. आधीची मूठ विरघळल्याशिवाय पुढची नाही. पातेलं पुन्हा आचेवर ठेवायचा मोह टाळा.

मॅकरोनी घातल्यावर सगळं जरा पातळ वाटलं पाहिजे, कारण ती सॉस पिते. इथे नेमकं दाट वाटलं, तर ताटात येईपर्यंत गोळा होतो. ओव्हनमध्ये करायचं असेल तर लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा पसरून ३७५ फॅरनहाइटला २० मिनिटं पुरे. कडेनं बुडबुडे दिसले की काढा; जास्त ठेवलं तर तिथेही सॉस फुटतो.

फुटलेला सॉस टाकून देऊ नका. गॅस बंदच ठेवून अमेरिकन चीजची एक स्लाइस आणि दोन चमचे गरम दूध घालून जोरात फेटा. तिच्यातल्या सोडियम सायट्रेटसारख्या क्षारांमुळे सॉस पुष्कळदा पुन्हा जुळून येतो. भारतात हेच करायचं असेल तर प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब चालतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी दुधाचा हबका मारून, झाकण ठेवून, मंद आचेवर गरम करा.